टसर पतंग: ऐनाच्या जंगलातील रेशीमकर्त्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टसर पतंग म्हणजे नेमका कोणता कीटक?

मध्य आणि पूर्व भारतातील पानझडी जंगलांत राहणारा हा एक मोठा रानपतंग असून त्याचे शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा असे आहे. ड्रू ड्रुरी या इंग्रज कीटकसंग्राहकाने 1773 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला बाबिलोनी लोकांच्या एका देवीचे, ग्रीकांनी लिहून ठेवलेले नाव दिले. ज्या सॅटर्निडी कुलात तो मोडतो त्याच कुलात अ‍ॅटलस पतंग, चंद्र पतंग आणि आसामचा मुगा पतंग हेही येतात. या कुलातील बहुतेक पतंग आकाराने मोठे, रात्री उडणारे आणि अल्पायुषी असतात.

जुन्या पुस्तकांत याच पतंगासाठी अँथेरिया पाफिया हे नाव अनेकदा आढळते. काही अभ्यासक ही दोन्ही नावे एकाच जातीची मानतात, तर काही जण पाफिया हे नाव दक्षिण भारत आणि श्रीलंकेतील पतंगांपुरते राखून ठेवतात. पुढील सर्व उत्तरांत मायलिट्टा हेच नाव गृहीत धरले आहे.

टसर, तसर आणि कोसा या शब्दांत काही फरक आहे काय?

वस्तू एकच आहे. संस्कृतात ‘तसर’ म्हणजे विणकराचा धोटा, आणि हिंदी पट्ट्यातील ‘तसर’ व मराठीतील ‘टसर’ हे त्याचेच वंशज मानले जातात. ‘कोसा’ हा शब्द ‘कोश’ या मूळ शब्दातून आला असून विदर्भ आणि छत्तीसगडमध्ये तोच अधिक बोलला जातो. नागपूर-भंडाऱ्याकडे लग्नाच्या याद्यांत ‘कोशाची साडी’ असेच लिहिले जाते, ‘टसर’ हा शब्द दुकानाच्या पाटीवर असतो. ‘कौशेय’ हा रेशमी वस्त्राचा संस्कृत शब्दही याच मुळाचा आहे.

जंगलात दिसलेला मोठा पतंग टसरचाच आहे, हे कसे ओळखावे?

प्रथम पंखांकडे पाहावे. टसर पतंगाच्या चारही पंखांवर प्रत्येकी एक जवळजवळ गोल, पारदर्शक ठिपका असतो आणि त्याभोवती रंगीत कडी असते. त्या ठिपक्याच्या जागी पंखावर खवले नसल्यामुळे त्यातून पलीकडचे दिसते. अ‍ॅटलस पतंगाच्या पंखांवरील पारदर्शक भाग त्रिकोणी असतात आणि त्याच्या पुढच्या पंखांची टोके सापाच्या डोक्यासारखी वळलेली दिसतात, त्यामुळे या दोघांत गल्लत होण्याचे कारण नाही. चंद्र पतंग फिकट पोपटी असतो आणि त्याच्या मागच्या पंखांना लांब शेपट्या असतात. टसर पतंगाला शेपट्या नसतात.

नर आणि मादी यांत स्पष्ट भेद आहे. नर सहसा विटकरी किंवा तांबूस तपकिरी, अंगाने सडपातळ आणि पिसासारख्या रुंद स्पृशांचा, म्हणजे डोक्यावरील मिशांचा, असतो. मादी पिवळसर किंवा करडी, पोटाने जड आणि अरुंद स्पृशांची असते, आणि पंख पसरले असता तिची रुंदी 15 ते 18 सेंटिमीटर भरते. रंगावर फार विसंबू नये, कारण एकाच जंगलातील माद्यांत पिवळ्यापासून राखाडीपर्यंत छटा मिळतात. स्पृशा मात्र फसवत नाहीत.

हा पतंग कोठे आढळतो आणि कोणत्या झाडांवर जगतो?

झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, मध्य प्रदेश, पश्चिम बंगालचा पश्चिम भाग, बिहारचा काही भाग, तेलंगणा आणि महाराष्ट्राचा पूर्व विदर्भ हा त्याचा मुख्य प्रदेश होय. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे टसरसाठी ओळखले जातात. सह्याद्रीच्या ऐन असलेल्या जंगलांतही हा पतंग दिसतो, परंतु तेथे कोष गोळा करण्याची किंवा अळ्या पाळण्याची परंपरा रुजली नाही.

अळीचे खाद्य म्हणून तीन झाडे प्रमुख मानली जातात: ऐन, अर्जुन आणि साल. पूर्व विदर्भात ऐनाला ‘येन’ म्हणतात. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली त्याची साल एकदा पाहिली की पुन्हा विचारावे लागत नाही. अर्जुन नदी-नाल्यांच्या काठाने वाढतो आणि त्याची साल गुळगुळीत, पांढुरकी असते. सालवृक्ष महाराष्ट्रात जवळजवळ नाहीच, त्यामुळे बस्तरमध्ये सालावर वाढणारे ‘रैली’ नावाचे वाण आपल्याकडे दिसत नाही. याखेरीज बोर, जांभूळ, धावडा अशा अनेक झाडांवरही अळ्या सापडतात, मात्र तेथे त्यांची वाढ आणि कोषाचा दर्जा ऐनाइतका साधत नाही.

एकाच जातीचे असे चाळीसहून अधिक स्थानिक वाण नोंदले गेले आहेत. डाबा, सुकिंदा, मोदल, सरिहान, लारिया ही त्यांतील काही नावे असून त्यांत ‘भंडारा’ या नावाचेही एक वाण आहे. कोषाचा आकार, वजन, धाग्याची लांबी आणि वर्षातील पिढ्यांची संख्या या बाबतींत ही वाणे एकमेकांपासून बरीच वेगळी पडतात, कारण प्रत्येक वाण आपापल्या जंगलातील पाऊस, थंडी आणि झाड यांना धरून घडलेले आहे. एका भागातील बियाणे दुसरीकडे नेऊन भरघोस पीक काढण्याचे प्रयोग अनेकदा का फसतात, याचे निम्मे उत्तर येथेच आहे.

अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास कसा होतो?

मादी सर्वसाधारणपणे 150 ते 250 अंडी घालते. अंडे जेमतेम 3 मिलिमीटर लांब, किंचित चपटे आणि मळकट पांढरे असून त्याच्या कडेने तपकिरी रेघा असतात. आठ-दहा दिवसांनी, बहुधा पहाटे, त्यातून काळ्या डोक्याची पिवळसर तपकिरी अळी बाहेर पडते. जन्मतः तिचे वजन 10 मिलिग्रॅमच्या आसपास असते. ती पहिल्यांदा अंड्याचे कवच कुरतडते आणि मग कोवळ्या पानाच्या शोधात फांदीच्या शेंड्याकडे चालू लागते.

यानंतर अळी चार वेळा कात टाकते, म्हणजेच तिच्या पाच अवस्था होतात. पहिली कात टाकल्यानंतर ती हिरवी होते आणि हा हिरवा रंग ऐनाच्या पानाशी इतका जुळतो की दोन हातांवरच्या फांदीवर बसलेली बोटभर अळी नवख्या माणसाला दिसत नाही. हिरव्याखेरीज पिवळ्या, निळसर आणि बदामी अळ्याही निपजतात, परंतु जंगलात हिरव्यांचेच बहुमत असते. अंगावर रांगेने गाठी असतात, त्यांवर राठ केस असतात आणि मोठ्या अळ्यांच्या कुशीवर चांदीसारखे चमकणारे ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवर ऊन पडले की दवबिंदू असल्याचा भास होतो.

पूर्ण वाढलेली अळी 12-13 सेंटिमीटर लांब आणि 40 ते 50 ग्रॅम वजनाची होते. जन्मवजनाच्या चार-पाच हजार पट झालेली ही वाढ पावसाळ्यात सुमारे 30 ते 40 दिवसांत पूर्ण होते, मात्र थंडीच्या पिढीत तिला दोन महिनेही लागू शकतात. आयुष्यभरात खाल्लेल्या पानांपैकी बहुतांश पाने ती शेवटच्या अवस्थेतच फस्त करते, आणि त्या दिवसांत झाडाखाली उभे राहिल्यास लेंड्या गळण्याचा आवाज पावसाच्या तुरळक थेंबांसारखा ऐकू येतो.

खाणे थांबले की अळी पोट रिकामे करते, दोन-तीन पाने एकमेकांना जोडून झोळी तयार करते आणि कोष विणायला बसते.

कोष फांदीला देठाने लटकलेला का असतो?

टसर पतंगाच्या साऱ्या शरीरशास्त्रात मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच आहे. तुतीच्या रेशीमकिड्याचा कोष कोठेही चिकटवलेला असतो. टसरची अळी मात्र कोष विणण्याआधी रेशमाचाच एक बळकट देठ तयार करते आणि त्याच्या वरच्या टोकाला फांदीभोवती एक वळे घट्ट बसवते. हे वळे पानाच्या देठाला नव्हे, तर थेट फांदीला घातलेले असते.

याचे कारण ऐनाच्या स्वभावात आहे. ऐन हा पानझडी वृक्ष आहे. कोष नुसता पानात गुंडाळलेला असता तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांबरोबर तोही जमिनीवर आला असता आणि तेथे उंदीर, मुंग्या व वणवा यांच्या तावडीत सापडला असता. वळ्यामुळे पाने गळून गेल्यावरही कोष उघड्या फांदीवर लोंबत राहतो आणि वाळलेल्या फळासारखा दिसतो. ऐन आणि टसर यांचा सहवास किती जुना असेल याची कल्पना या एका वळ्यावरून येते.

कोष इतका कठीण असताना पतंग त्यातून बाहेर कसा पडतो?

कोष विणताना अळी एक पांढुरका द्रव सोडते. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटचे कण आणि धाग्यांना चिकटवणारा सेरिसिन हा डिंक यांमुळे कवच वाळल्यावर लाकडासारखे टणक होते. बोटांनी दाबल्यास दबत नाही. त्याला कोठेही दार ठेवलेले नसते.

पतंगाला चावण्यासाठी जबडे नसतात. तो तोंडाजवळून कोकूनेज नावाचे विकर (एन्झाइम) सोडतो आणि ते विकर देठाकडच्या टोकाजवळील डिंक विरघळवते. धागे कापले जात नाहीत, फक्त सैल होतात. मग पतंग डोक्याने आणि पायांनी ते बाजूला सारून स्वतःला बाहेर खेचतो. फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी 1964 मध्ये याच अँथेरिया प्रजातीतील अन्य पतंगांवर काम करून ही यंत्रणा उलगडून दाखवली.

बाहेर येण्याची वेळ बहुधा संध्याकाळची असते. त्या क्षणी पंख ओल्या चिंधीसारखे चुरगळलेले असतात, आणि त्यांत द्रव भरून ते पसरेपर्यंत पतंगाला कोठेतरी लटकून राहावे लागते. लटकायला जागा न मिळाल्यास पंख वाकडेच वाळतात आणि तो पतंग कधीच उडू शकत नाही.

प्रौढ पतंग काहीच खात नाही, हे खरे आहे का?

होय. त्याची सोंड निकामी झालेली असते. अळीने साठवलेल्या चरबीवर तो आठवडा-दीड आठवडा जगतो आणि तेवढ्यात मीलन व अंडी घालणे उरकतो. म्हणूनच फुलावर बसलेला मोठा पतंग मधुरस पिताना दिसल्यास तो टसर नाही, एवढे निश्चित समजावे.

नर मादीला अंधारात कसा शोधतो?

मादी बाहेर पडल्यानंतर फारशी उडत नाही. ती कोषाजवळच लटकून राहते आणि पोटाच्या टोकावरील ग्रंथीतून गंधद्रव्य हवेत सोडते. नराच्या पिसासारख्या स्पृशांवर या गंधाचे रेणू टिपणारे असंख्य सूक्ष्म केस असतात. वाऱ्याच्या दिशेने नागमोडी उडत, गंध हरवला तर पुन्हा आडवे शोधत, नर दूरवरून तिच्यापर्यंत पोहोचतो. मीलन रात्री होऊन अनेक तास टिकते. दुसऱ्या संध्याकाळपासून मादी अंडी घालू लागते आणि पहिल्या एक-दोन रात्रींतच बहुतेक अंडी घालून होतात.

कोष महिनोन्‌महिने तसाच कसा राहतो? आतला जीव मेलेला नसतो काय?

नसतो. तो थांबलेला असतो. हिवाळ्याच्या तोंडाशी विणलेल्या कोषातील प्युपा, म्हणजे अळी आणि पतंग यांमधल्या अवस्थेतील जीव, आपली वाढ रोखून धरतो, श्वसन अगदी कमी करतो आणि पुढचा उन्हाळा त्या कवचात काढतो. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, ऐन निष्पर्ण होतो आणि अळीला खायला काहीही उरत नाही. अशा काळात बाहेर पडणे म्हणजे वंश बुडवणे होय, म्हणून पतंग मृगाच्या पावसाची वाट पाहतो. जूनमध्ये हवेतील ओलावा वाढून ऐनाला कोवळी पाने फुटली की कोष फुटू लागतात.

ही विश्रांती केव्हा सुरू करायची आणि केव्हा मोडायची, याचा हिशोब दिवसाची लांबी, तापमान आणि आर्द्रता यांवर चालतो. चीनमधील ओक-टसर पतंगात तर प्युपाच्या डोक्यावर, मेंदूच्या नेमकी वर, कातडीचा एक पारदर्शक तुकडा असतो आणि त्यातून येणाऱ्या उजेडावरून त्याला दिवस मोठा झाल्याचे कळते, असे प्रयोगांतून सिद्ध झाले आहे.

विश्रांती नसलेल्या पिढीत मात्र प्युपाची अवस्था तीन-चार आठवड्यांतच संपते. त्यामुळे वाण आणि हवामान यांनुसार वर्षाला एक, दोन किंवा तीन पिढ्या होतात. विदर्भातील पालक, म्हणजे टसरच्या अळ्या पाळणारे लोक, याच पिढ्यांना पिके म्हणतात: पावसाळ्याचे पहिले पीक मुख्यतः बियाण्यासाठी आणि नंतरचे धाग्यासाठी. थंडीच्या दिवसांत तयार होणारा कोष सहसा अधिक वजनदार भरतो.

या पतंगाचे शत्रू कोणते?

यादी लांबलचक आहे आणि ती अळीच्या वयाप्रमाणे बदलते. नुकत्याच जन्मलेल्या अळ्यांना लाल मुंग्या उचलून नेतात. त्याच काळात ढेकणांच्या कुळातील शिकारी किडे सुईसारखी सोंड खुपसून अळीचे रस शोषतात, आणि खंडोबाचा किडा म्हणून ओळखला जाणारा नाकतोड्यासारखा भक्षकही हात धुवून घेतो. गांधीलमाश्या मऊ अळ्यांचे लचके तोडतात. अळी मोठी झाली की कावळे व इतर पक्षी, सरडे, खारी आणि माकडे येतात. पतंग झाल्यावर वटवाघळे व घुबडे असतातच.

यांपेक्षाही घातक शत्रू आतून पोखरणारे आहेत. उझी माशी ही दिसायला घरमाशीच्या मोठ्या बहिणीसारखी असून ती मोठ्या अळीच्या अंगावर अंडी घालते. त्यातून निघालेली कीड कातडी भेदून आत शिरते आणि शिरल्या जागी एक काळा डाग राहतो. अळी खात राहते, कधी कधी कोषही विणते, परंतु कोषातून पतंगाऐवजी माशीची अळी भोक पाडून बाहेर पडते. पिवळी गांधीलमाशी म्हणून ओळखली जाणारी दुसरी एक परजीवी जात तर विणून झालेल्या कोषाच्या कवचातून आपली नळी आत घालते आणि प्युपामध्ये अंडे सोडते. लाकडासारख्या कवचावरही निसर्गाने तोड ठेवलेली आहे.

पालन केलेल्या अळ्यांबाबत, म्हणजे राखण करूनही, एका मादीच्या सुमारे दोनशे अंड्यांमागे 40-50 कोष हाती आले तर पीक चांगले समजतात. राखण नसलेल्या रानात काय होत असेल ते यावरून ताडावे.

पेब्रीन हा कोणता रोग आहे आणि त्याची एवढी धास्ती का असते?

पेब्रीन हा नोसेमा नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो. रोगट अळी मंदावते, अंगाने लहान राहते आणि तिच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसतात. धास्तीचे कारण असे की हा परजीवी आईच्या पोटातून थेट अंड्यांत उतरतो, त्यामुळे एका रोगट मादीची सारी अंडी पुढच्या पिढीत साथ पेरतात.

यावरील उपाय लुई पाश्चर यांनी 1865 पासूनच्या काही वर्षांत, फ्रान्समधील तुतीच्या रेशीमकिड्यांवर काम करताना शोधला. प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवायची, अंडी घालून झाल्यावर ती मादी कुटून तिच्या शरीराचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि परजीवीचे बीजाणू दिसल्यास तिची अंडी जाळून टाकायची. रोगमुक्त अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रांत टसरसाठी आजही हीच पद्धत चालते. औषधाने बरा होणारा हा रोग नाही. विषाणू, जिवाणू आणि बुरशी यांचेही रोग टसरला होतात, परंतु ते निदान पुढच्या पिढीच्या अंड्यांत अशा ठामपणे बसत नाहीत.

तुतीच्या रेशीमकिड्याप्रमाणे टसर घरात का पाळत नाहीत?

तुतीचा रेशीमकिडा हजारो वर्षांच्या निवडीनंतर पूर्णपणे माणसाच्या अधीन झाला आहे. त्याचा पतंग उडत नाही आणि अळी ताटात टाकलेल्या पाल्यापासून दूर जात नाही. टसरची अळी मात्र जिवंत झाडावर, उघड्या हवेत, फांदीला घट्ट धरून राहणारी आहे. तोडलेले पान सुकू लागले की ती खाणे सोडते आणि गर्दीत ठेवली की रोगाला बळी पडते. पहिल्या एक-दोन अवस्था जाळीखाली किंवा छताखाली काढण्याची पद्धत, जिला पालक ‘चॉकी’ म्हणतात, आता रूढ होत आहे. त्यापुढे झाडाला पर्याय नाही.

झारखंडमधील रांची येथे 1964 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय टसर संशोधन संस्था या प्रश्नावर अनेक दशके काम करीत आहे, तरीही टसर पूर्णपणे माणसाळलेला नाही. मला तरी हे अपयश वाटत नाही.

पूर्व विदर्भात कोसा कोण आणि कसा पिकवतात?

परंपरेने हे काम मुख्यतः ढिवर समाजाचे राहिले आहे. पावसाळ्यात तलावाची मासेमारी आणि त्याच ऋतूत येनावरचा कोसा, अशी ही सांगड आहे. गडचिरोलीतील आरमोरीच्या परिसरात आणि भंडारा जिल्ह्यात ती आजही पाहायला मिळते. पालक आधी झाडांची निवड करून खालचे गवत व झुडपे साफ करतो, बुंध्याशी मुंग्यांचा बंदोबस्त करतो, आणि मग अंडी किंवा नवजात अळ्या पानांच्या द्रोणातून फांद्यांवर चढवतो. पुढचा महिना-सव्वा महिना तो रानातच मांडव घालून राहतो. हातात गलोल असते आणि नजर पक्ष्यांवर. एका झाडाची पाने संपली की अळ्यांना हाताने ओढून काढत नाहीत, कारण त्यांच्या पायांची पकड इतकी घट्ट असते की पाय तुटतात. त्याऐवजी अळीसकट डहाळी छाटून दुसऱ्या झाडावर ठेवतात आणि अळ्या आपल्या आपण पुढे सरकतात.

मध्य भारतातील अनेक पारंपरिक पालक या काळात मांसाहार टाळतात, वेगळे राहतात आणि परक्या माणसाला रानात येऊ देत नाहीत. ही पथ्ये धार्मिक आहेत हे खरे, परंतु रोगाचे बीजाणू माणसाच्या हातापायांवरून पसरतात हे ध्यानात घेतल्यास त्यांची थट्टा करण्याचे धाडस होत नाही.

टसरच्या धाग्याचा रंग नैसर्गिक असतो का? तो तुतीच्या रेशमाहून वेगळा का दिसतो?

मधासारखा फिकट बदामी रंग हा मूळचाच असतो. ऐन आणि अर्जुन यांच्या पाना-सालींत टॅनिन विपुल असते आणि या रंगाचा संबंध अळीच्या त्या खाद्याशी जोडला जातो. धागा तुतीपेक्षा जाड आणि काहीसा चपटा असल्यामुळे त्याची चमक झगझगीत न होता मंद राहते. एका चांगल्या कोषात 700-800 मीटर, क्वचित 1,000 मीटरहूनही अधिक धागा असतो, मात्र सगळाच अखंड उकलत नाही.

विदर्भातील करवती काठाची साडी याच धाग्याची असते. काठावरील नक्षी करवतीच्या दात्यांसारखी असल्यामुळे तिला हे नाव पडले, आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

धागा काढताना आतला जीव मारला जातो का?

अखंड धागा हवा असल्यास होय. कोष वाफवून प्युपा मारतात आणि मग सोडा वा साबणाच्या पाण्यात उकळून डिंक सैल करतात. पतंग बाहेर पडून गेलेल्या कोषांपासूनही सूत निघते. ते कातून काढावे लागते, गाठाळ असते आणि त्याला घिचा म्हणतात. बियाण्यासाठी ठेवलेल्या कोषांतून पतंग उडून गेल्यावर उरलेली टरफले या कामी येतात. ‘अहिंसक टसर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडाचा पोत खडबडीत असतो तो यामुळे. अगदी सफाईदार, सुळसुळीत वस्त्राला कोणी तसे म्हणत असल्यास ग्राहकाने दोन प्रश्न अधिक विचारावेत.

माणूस हे रेशीम कधीपासून वापरत आहे?

लिखित इतिहासाच्या बऱ्याच आधीपासून. सिंधू संस्कृतीच्या हडप्पा आणि चन्हुदडो या स्थळांवरील वस्तूंत सापडलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर ते अँथेरिया प्रजातीच्या रानरेशमाचे असल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले. चीनचे रेशीम भारतात येण्यापूर्वी येथे रेशीम नव्हते, हा जुना समज त्यामुळे मागे पडला. महाराष्ट्रातील नेवासे येथेही ताम्रपाषाणयुगीन थरात तांब्याचे मणी ओवलेल्या दोऱ्यात कापसासोबत रेशमाचे तंतू ओळखले गेल्याची नोंद आहे.

अळ्यांमुळे ऐनाच्या झाडांचे किंवा शेतीचे नुकसान होते का?

शेतीचे नाही. ऐन आणि अर्जुन पावसाळ्यात ओरबाडले गेले तरी पुन्हा पालवतात. जाणते पालक एका झाडाला सलग विश्रांती न देता राबवत नाहीत. अळीचे केस हाताला लागल्याने खाज सुटत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण अंगावर उठणाऱ्या केसाळ सुरवंटांशी तिची अनेकदा गल्लत केली जाते.

जंगलातील कोष गोळा करणे कायदेशीर आहे का?

2006 च्या वन हक्क कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, मेण, लाख आणि तेंदूपाने यांच्याबरोबर टसर आणि कोष यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. पात्र वनहक्कधारकांना आणि सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना त्याचे संकलन व विक्री करण्याचा अधिकार आहे. गंमत अशी की ही व्याख्या ‘वनस्पतिजन्य’ उपजांची आहे आणि तीत एका कीटकाचे घर बसवले गेले आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये देशात अगदी सुरुवातीला सामूहिक वनहक्क मिळाले, आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी हा मार्ग धरला. पर्यटकाने किंवा हौशी संग्राहकाने संरक्षित क्षेत्रातून कोष उचलणे ही मात्र निराळी बाब असून तिला परवानगी नाही.

रात्री दिव्यावर आलेला टसर पतंग घरात शिरल्यास काय करावे?

दिवा बंद करावा. तो चावत नाही, डंख मारत नाही आणि त्याला खायला घालण्याचा उपयोग नाही. पंखांना हात लावल्यास खवले गळतात, म्हणून त्याच्या पायांसमोर काडी धरावी, तो तिच्यावर चढला की ती काडी बाहेर अंधाऱ्या झाडावर ठेवावी. मादी असेल आणि तिने पडद्यावर वा भिंतीवर अंडी घातली असतील, तर मीलन झाल्याशिवाय ती उबणार नाहीत हे लक्षात घ्यावे. आठ-दहा दिवसांत अळ्या निघाल्याच, तर त्यांना ऐन किंवा अर्जुनाच्या कोवळ्या पालवीवर सोडावे. शहरात ऐन सापडणे कठीण, पण रस्त्याकडेला लावलेला अर्जुन बहुतेक ठिकाणी मिळतो.

हा पतंग निसर्गात पाहायचा असल्यास केव्हा जावे?

पतंगासाठी जूनचा दुसरा पंधरवडा उत्तम, पहिला दमदार पाऊस पडून गेल्यावर आणि शक्यतो चांदणे नसलेल्या रात्री. अळ्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शोधाव्यात. वर पाहण्याऐवजी आधी झाडाखालच्या ताज्या, मोठ्या लेंड्या पाहाव्यात आणि मग त्यांच्या नेमक्या वरची फांदी न्याहाळावी. कोष पाहण्यासाठी मार्चसारखा महिना नाही. नवेगाव किंवा आरमोरीच्या बाजूला ऐनाचे रान तेव्हा पूर्ण उघडे पडलेले असते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात फांदीला वळ्याने घट्ट धरून लटकलेला राखाडी कोष दुर्बिणीवाचूनही दिसतो.